तेल पाजलेला रहाट

माझ्या नातीने तुमचा हा ग्रुप दाखवला तेव्हा आधी मी पोट धरून हसले. पांढऱ्या साडीतली बाई, लिफ्ट मागणारा माणूस, वळून बघावं तर पाय उलटे... अहो, त्या बाईला एखादी दुसऱ्या रंगाची साडी कोणी घेऊन देत नाही का? मी जन्मभर शाळेत सायन्स शिकवलं. 'त्या चिंचेखाली दुपारचं जाऊ नका' म्हणून मुलांना कोणी भिववलं, की दुसऱ्या दिवशी मी अख्खा वर्ग त्याच चिंचेखाली भरवायचे. चिंचा खाऊन पोरांचे दात आंबले, यापलीकडे कधी कोणाला काही झालं नाही.

तेव्हा भूत, भानामती, करणी यांतलं काही माझ्याकडे नाही. पण एक गोष्ट आहे. ती दिवसाढवळ्या घडली, मांडवाखाली, गावच्या गर्दीत, आणि मी स्वतः तिथे हात लावून उभी होते. नात म्हणाली, "आजी, नुसती सांगत बसू नकोस, लिही." म्हणून लिहिते आहे.

साल एक्कावन्न-बावन्नचं. गाव नंदाखाल. विरार स्टेशनवर उतरून आगाशीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना वाड्याच वाड्या — केळी, नारळ, पानवेली. आमचं घर रस्त्याच्या कडेला, घरामागे वाडी, वाडीत विहीर आणि विहिरीवर रहाट. आता रहाट म्हणजे काय ते नव्या लोकांना सांगावं लागेल. रेडा जुंपायचा, तो गोल गोल फिरायचा, त्याबरोबर लाकडी दातेरी चाकं फिरायची आणि मातीच्या लोट्यांची लांब माळ विहिरीतून पाणी घेऊन वर यायची. लोटे पन्हळीत पाणी ओतून पुन्हा खाली जायचे. पन्हळीतून पाटात, पाटातून केळीत. आणि हा सगळा लाकडी संसार सारखा कुरकुरायचा. कुईं... कुईं... टक्. आमच्या रहाटाचा एक दाता झिजलेला होता, म्हणून तो 'टक्'. आंधळ्या माणसानेही लांबून सांगितलं असतं की हा अमक्याचा रहाट.

या रहाटाला कोणीही तेल घालत नसे. मुद्दाम. रेड्याच्या डोळ्यांना झापडं आणि हाकणारा माणूस तिकडे केळीत पाणी वळवायला गेलेला, मग रेडा चालतोय की उभा राहिलाय हे कळायचं कसं? आवाजावरून. आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक. आवाज थांबला की घरात जो कोणी असेल त्याने हातातलं टाकून धावायचं. दोर तुटला असेल, रेडा बसला असेल, कोणाचा पाय घसरला असेल. आधी धावायचं, मग विचारायचं. आम्ही पोरं ताटावरून उठून पळत असू आणि बहुतेक वेळा रेडा नुसता शेपटी हलवत उभा असायचा. तरी पुढच्या वेळी पुन्हा पळायचं. वाडीवाल्यांच्या अंगातच ते होतं.

बाबा आणि जनूकाका, दोघे सख्खे भाऊ. एकाच घरात, एकाच पंगतीत वाढलेले. बाबा रहाटावरचे आणि काका केळीतला, अशी कामाची वाटणी. काका बाबांपेक्षा बराच लहान, बडबड्या, हौशी. सायकल त्याने आणली, बॅटरी त्याने आणली, आणि एक दिवस बाबा पानांच्या करंड्यांबरोबर मुंबईला गेले असताना विहिरीचं पाणी ओढायचं इंजिनसुद्धा त्यानेच आणलं. नुसतं आणलं नाही. बाबांना 'सरप्राइज' द्यायचं म्हणून त्याने रहाट उतरवून बाजूला रचून ठेवला! बाबा घरी आले, विहिरीशी गेले, त्या लाकडांकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि गप्प परत आले. एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे त्या दिवशीच नाही — पुढे काकाशी बोललेच नाहीत. आमचा रेडा त्याच पावसाळ्यात गेला. "बसून बसून मेला," एवढंच बाबा काकीला म्हणाले, काकाला ऐकू जाईल अशा आवाजात.

वर्ष होत आलं तरी तेच. पंगतीत शेजारी बसायचे आणि मीठ हवं असलं तर मला मध्ये घालायचे. "तुझ्या काकाला सांग, मीठ इकडे सरकव म्हणावं." मीठ त्यांच्या दोघांच्या मध्येच असायचं! मला हसू यायचं आणि रडूही यायचं. काका वरवर हसायचा, पण तो मनातून खंगत चालला होता. दादा ओरडला असता, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर त्याने आनंदाने खाल्ल्या असत्या. ही गप्प शिक्षा त्याला झेपत नव्हती.

आणि त्याच सुमाराला गावात प्रदर्शनाचं वारं शिरलं.

आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला पुण्याकडचे फाटक मास्तर आले होते. माणूस मोठा उत्साही. वसईचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप, निर्मळचा तलाव, सगळं पायी फिरून आलेले. त्यांचं म्हणणं, 'तुम्ही लोक इतिहासावर धुणी धुता आणि तुम्हाला पत्ता नाही!' गावाचं स्वतःचं वस्तुसंग्रहालय हवं, आधी प्रदर्शन भरवू, मग कायमची खोली मागू. मी तेव्हा इंटर सायन्सला, रोज गाडीने कॉलेजला जाऊन-येऊन असायची, आणि नुकतीच सुट्टी लागली होती. मला त्यांनी माहिती सांगायच्या कामावर घेतलं आणि आम्ही दारोदार हिंडायला लागलो.

काय मजा आली होती! 'धुणी धुता' हे मास्तर उगीच म्हणत नव्हते. एका घरामागचा धुण्याचा दगड उलटा केला तर खालच्या अंगाला कोरलेली होडी, होडीत ढाली घेतलेली माणसं. मास्तर तिथे चिखलात गुडघ्यावर बसले. घरची बाई मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "न्या हो न्या. पन मग मी धुनं कशावर धुऊ ते सांगा!" तिला दुसरा दगड आणून दिला तेव्हा हा सुटला. दोन घरांतून तोफेचे गोळे आले. एकीने त्यावर वर्षानुवर्षं सुकी मिरची कुटली होती, दुसरीने तो दाराला टेकण म्हणून लावला होता. माझाच गोळा चिमाजी आप्पांच्या वेळचा, हिचा कसला, यावरून दोघींचं भरमांडवात वाजलं. सोपाऱ्याहून एक शेतकरी भलीमोठी जुनी वीट घेऊन आला. ख्रिस्ती आज्यांनी लग्नातली लाल लुगडी दिली, ती मी अशी घडी घालीन आणि तशी घालीन करत त्या स्वतःच दिवसभर त्यांच्यापाशी बसून राहिल्या. वस्तूंबरोबर माणसंही प्रदर्शनात आली म्हणा ना.

आणि मला सुचलं — आमचा रहाट!

काकाने लगेच होकार दिला. बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांचाही होकारच. आमचे शेजारी इनासमामा सुतार. रहाट उतरवला त्यांनीच होता. त्यांनीच तो शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली, दोन खांबांवर पुन्हा उभा केला. नव्या लोट्यांची माळ चढवली. पोरं फिरवतील म्हणून चाकात मोठी पाचर ठोकली. रहाट पुन्हा उभा दिसला तेव्हा माझा मला इतका अभिमान वाटला की विचारू नका.

माझा बेत असा : उद्घाटनाला मुंबईहून जुन्या वस्तूंचे एक अभ्यासक येणार होते. ते रहाटाशी येतील तेव्हा एका बाजूला बाबा आणि दुसऱ्या बाजूला काका उभे करायचे. पाहुण्यांसमोर बाबांना तोंड फिरवता येणार नाही. दोघांना एकमेकांकडे बघायला लावायचं, बस्स. पुढचं त्यांचं ते बघतील. काकाला मी बेत सांगितला तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "येतो ग. चार वाजता येतो बघ. केळीला पानी सोडतो, नवं धोतर नेसतो नि येतो. दादा बोलंल ना?" मी म्हटलं, बोलायलाच हवं.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. होळी होऊन गेली होती आणि विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. काठावरून इंजिन पाणी ओढेना. तेव्हा काकाने डोकं चालवलं. विहिरीच्या आतल्या पायऱ्या जिथे संपतात तिथे फळ्या टाकल्या आणि इंजिन चक्क विहिरीत उतरवलं. 'पान्याच्या जवळ गेलं की ओढील.' आणि ओढलंही! गावातले निम्मे लोक त्याची अक्कल बघायला येऊन गेले, दोघाचौघांनी आपापल्या विहिरीत तसंच केलं. धूर कुठे जाणार, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. पताका, रांगोळ्या, लाउडस्पीकर. सगळ्या वाड्यांची कामं बंद, लेकुरवाळ्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत गाव पटांगणात. काकीने सुकेळ्यांचं, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांचं, दुकान मांडलं होतं आणि मी नऊवारी नेसून, हातात छडी घेऊन, पाठ केलेलं भाषण पुटपुटत हिंडत होते. सकाळी बाबा रहाट बघायला आले तेव्हा एक गंमत झाली. फाटक मास्तर वाटीतलं खोबरेल रहाटाच्या आसात ओतत होते. "लाकूड जपायचं तर तेल हवं, साहेब!" बाबांनी कपाळाला हात लावला.

"रहाटाला तेल पाजलंत? अहो, मुका केलात की त्याला!"

सगळे वाडीवाले खो खो हसले. मास्तरांना का ते कळेना. मी कारण सांगितलं तेव्हा बिचारे ओशाळले, पण तेल मुरून गेलं होतं. बाबासुद्धा हसत होते. त्यांना हसताना बघून मला वाटलं, आज जमणार!

चार वाजले. पाहुणे आले, हारतुरे झाले. काकाचा पत्ता नाही. मी मान उंच करकरून पटांगणाच्या दरवाजाकडे बघते आहे. होडीचा दगड झाला, वीट झाली, तोफगोळे झाले (पाहुण्यांनी दोन्ही खरे ठरवून दोघींना खूश केलं), लुगडी झाली आणि आम्ही रहाटाशी आलो. बाबा एका बाजूला उभे. दुसरी बाजू रिकामी. मला काकाचा असा राग आला म्हणता! एवढं सगळं त्याच्यासाठी जुळवून आणलं आणि हा बसलाय केळीत.

काय करणार, मी माहिती सांगायला सुरुवात केली. रेडा, माळ, पन्हळ... आणि तेल का घालत नाहीत ते. पाहुणे खूश झाले. "मग वाजवून दाखवा की."

"नाही वाजणार," मी म्हटलं. "पाचर मारली आहे. आणि आमच्या मास्तरांनी त्याला तेल पाजलंय." पुन्हा हशा. मास्तरही हसले.

तो हशा संपता संपता आवाज आला.

कुईं... कुईं... टक्.

आधी कोणाला काही वाटलंच नाही. तो आवाज आम्हा लोकांच्या कानांत इतका मुरलेला की रहाटाजवळ उभं असताना तो ऐकू येणारच. मग एकेक चेहरा वळायला लागला. कुईं... कुईं... टक्. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा वा! काय युक्ती आहे! ग्रामोफोन कुठे दडवलात?" तशा सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. फाटक मास्तर खरंच वाकून टेबलाखाली ग्रामोफोन शोधायला लागले. त्यांना वाटलं मी आणलाय, मला वाटलं त्यांनी आणलाय.

पण मला हा नुसता 'रहाटाचा आवाज' वाटेना. तो झिजलेल्या दात्याचा 'टक्' — तो आमचा. त्याची रेकॉर्ड कोण काढणार? मी पुढे होऊन चाकावर तळहात ठेवला. लाकूड थंडगार, स्थिर. एवढं लाकूड कुरकुरतं तेव्हा हाताला थरथर लागते, लहानपणी शंभरदा हात लावलेला आहे. काही नाही. माळेतला एक लोटा हलत नव्हता. पाचर जागच्या जागी. आणि आवाज मात्र माझ्या कानापासून हातभर अंतरावर, आमच्या वाडीत यायचा तसाच, तेवढाच.

घाबरले का? खरं सांगते, नाही. मला आनंद झाला होता. वर्षभर तो आवाज नव्हता आणि घर मुकं झालं होतं. तो परत आला म्हणून माझ्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. गर्दीतल्या म्हाताऱ्या माना डोलवत होत्या. इनासमामांनी मात्र पाचरीकडे बघितलं आणि कपाळावर, छातीवर क्रूस केला. मी बाबांकडे बघितलं. ते चाकाकडे बघत नव्हते. रहाटापलीकडच्या मोकळ्या जमिनीकडे बघत होते, आणि गाल ओले झाले होते.

कुईं... कुईं... टक्. कुईं...

आणि थांबला. मध्येच. 'टक्' आलाच नाही.

"थांबला!" बाबा ओरडले आणि धावत सुटले.

वहाणा नाहीत, टोपी पडली, पाहुण्यांना धक्का लागला, कशाचं भान नाही. आणि त्यांच्यामागे इनासमामा. आणि त्यांच्यामागे मी, काकी, आणि गर्दीतले जेवढे म्हणून वाडीवाले होते ते सगळे! कोणी कोणाला काही विचारलं नाही. रहाट थांबला की धावायचं. मागे राहिले ते पाहुणे, मास्तर आणि परगावचे लोक. या गावाला झालं तरी काय म्हणून बघत.

शाळेपासून आमची वाडी बरीच लांब. तलाव ओलांडायचा, चर्चच्या कडेने वळायचं, मग दोन्हीकडे पानवेलीची कुंपणं. नऊवारीचा काष्टा खोचून मी धावत होते आणि अर्ध्या वाटेत मला पहिल्यांदा प्रश्न पडला — आपण कुठे चाललोय? रहाट तर मागे शाळेत आहे! पण बाबा सरळ आमच्या वाडीत घुसले, केळीतून आडवे, विहिरीकडे. लांबून इंजिनाचा आवाज येत होता. टुक टुक टुक टुक. आणि विहिरीच्या तोंडातून निळा धूर.

खाली फळ्यांवर काका पालथा पडला होता. एक हात पाण्यात. नवं धोतर काठावरच्या दगडावर घडी करून ठेवलेलं.

काकीने किंकाळी फोडली. बाबा तसेच पायऱ्या उतरायला निघाले, तर इनासमामांनी त्यांना कमरेला मिठी मारून मागे ओढलं. "दोर! आधी दोर बांध, नायतर तू पन तितंच ऱ्हाशील!" मी ओरडले, "धुरात विषारी गॅस असतो, तोंडाला ओला पंचा बांधा!" ओल्या पंच्याने त्या गॅसचं काहीही बिघडत नाही, हे मी पुढे शिकले, पण तेव्हा बांधला. बाबा श्वास कोंडून उतरले. आधी इंजिन बंद केलं. तो टुकटुक आवाज थांबल्यावर जी शांतता झाली ती मला अजून आठवते. मग त्यांनी काकाला पाठुंगळीला घेतलं, वरून दहा-बारा हातांनी दोर ओढला, आणि दोघे वर आले. बाबा काठावर येऊन कोसळले, पण शुद्धीवर होते. काका नव्हता. ओठ, गाल लालबुंद आणि श्वास असा की आहे म्हणावा तर आहे.

नारळाखाली आणून निजवला. कोणी सुपाने वारा घालतंय, कोणी तळवे चोळतंय, कोणी सायकलवरून आगाशीला डॉक्टरकडे सुटलंय. काकी "देवा, देवा" करत त्याच्या छातीवर हात फिरवते आहे. बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. एक वर्ष ज्याला 'मीठ सरकव' म्हणायला मी लागत होते, त्याला ते गदागदा हलवत होते आणि तोंडाने नुसतं, "जनू, ए जनू... अरे जनू..."

किती वेळ गेला कोण जाणे. काकाने डोळे उघडले. वर नारळाकडे बघितलं, मग बाबांकडे. आणि आपली चांगली झोप कोणी मोडल्यावर पोर कुरकुरतं तशा आवाजात म्हणाला,

"थांबवलास कशाला, दादा? बरा चाललेला..."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. बाबांनी त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाले,

"रेडा दमला रे, जनू."

काकाला ते पटलं. त्याने मान हलवली आणि बाबांचा हात धरून पडून राहिला. तिथे जमलेल्या बायाबापड्यांना रडू आवरेना. मीही हुंदके देऊन रडले.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हा हाती लागला नसता. काका चारेक दिवसांत हिंडूफिरू लागला. त्याचं म्हणणं असं की इंजिन पाणी ओढेना म्हणून तो खाली उतरला, डोकं जड झालं, पायांतलं बळ गेलं, म्हणून जरा बसला. बसल्यावर त्याला वरती रहाट ऐकू आला. आपला रहाट, टक् सकट. त्याला वाटलं दादाने तो परत विहिरीवर चढवला, म्हणजे दादाचा राग गेला. मग त्याला उठावंसंच वाटेना. छान वाटत होतं म्हणे. तो ऐकत पडून राहिला, आणि मग एकदम रहाट थांबला. पुढचं त्याला आठवत नव्हतं.

आता माझ्यातली सायन्सवाली बाई गप्प बसेल का? दुसऱ्याच दिवशी मी फाटक मास्तर आणि इनासमामांना घेऊन रहाटाशी गेले. पाचर काढायला लावली. चाक फिरवलं. अहो, एवढासुद्धा आवाज नाही! तेलाने ते लोण्यासारखं फिरत होतं. उलटं फिरवलं, सुलटं फिरवलं, जोर लावला, नाही. मग शेजारपाजारचे रहाट? त्या दिवशी अख्खा गाव पटांगणात, आणि ऊन पुरतं उतरल्याशिवाय आमच्याकडे दुपारचा कोणी रेडा जुंपत नसे. काकाला झाला तो भास, गॅसने होतो तसा, हे मी मान्य करते. पण आम्ही काही गॅसमध्ये नव्हतो. आणि मुंबईचे पाहुणे? त्यांनी तर आयुष्यात रहाट ऐकलेला नव्हता, ते टाळ्या कशाला वाजवत होते? 'समूहाचा भास' असं पुढे एका सहकारी शिक्षकाने मला सांगितलं. ठीक आहे. पण काका विहिरीत आणि आम्ही मांडवात, मध्ये एवढं अंतर, आणि दोघांचा भास एकाच वेळी थांबतो?

मला खरं कोडं पडतं ते आवाज आला याचं नाही. तो थांबला याचं. तो चालू राहिला असता तर आम्ही टाळ्या वाजवत उभे राहिलो असतो, आणि काका खाली छान वाटून घेत निजून गेला असता. ज्याने कोणी, जे काय होतं त्याने, तो बरोबर वेळेला थांबवला.

रहाट पुन्हा विहिरीवर गेला नाही. इंजिन वर आलं, पाइप बदलला, सगळं रीतसर झालं. ज्यांनी ज्यांनी विहिरीत इंजिनं उतरवली होती त्यांनीही ती वर काढली, ते बाबांनी घरोघर जाऊन बघितलं. गावाला संग्रहालयाची खोली मिळाली, रहाट तिथे राहिला, आणि बाबा नि काका दर रविवारी त्याच्याशेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहिती सांगायचे. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने तोडायचं, दोघांचं चांगलंच वाजायचं.

बाबांना मी बरीच वर्षं काही विचारलं नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली. एकदा माहेरी आले होते, दोघंच ओटीवर बसलो होतो. मी म्हटलं, "बाबा, काका शुद्धीवर आला तेव्हा 'रेडा दमला' म्हणालात, ते किती छान सुचलं हो तुम्हाला."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले आहे.

"सुचलं कसलं? दमलाच होता. तोंडाला फेस आलेला त्याच्या. मग उभा ऱ्हायला, माझ्याकडे मान वळवली."

"कोण, बाबा?"

"आपला रेडा. दुसरा कोन?" म्हणाले आणि पान जुळवायला लागले.

आमचा रेडा आदल्या पावसाळ्यात मेला होता. त्याला वाडीच्या टोकाला पुरताना मी तिथे उभी होते. बाबा कधी थापा मारत नसत, आणि त्या दिवशी मांडवात ते ज्या मोकळ्या जमिनीकडे बघत होते तिकडे मीही बघितलं होतं. मला तिथे काही दिसलं नव्हतं.